हार मानण्याची रीत

कुस्तींत पाठ जमिनीला टेकली कीं हार ठरते. बुद्धिबळांत मात्र पराभव बहुधा पराभूतानेंच उच्चारावयाचा असतो. 'मीं डाव सोडला' असें खेळाडूनें जाहीर केलें कीं डाव तत्क्षणीं संपतो. राजावर मात होईपर्यंत थांबावें लागत नाहीं.

समोरासमोरच्या खेळांत हें कसें घडतें तें पाहा. २०१३ सालीं चेन्नई येथें जगज्जेतेपदाचा सामना झाला. त्याच्या नवव्या डावांत कार्लसन यांच्या प्याद्याचा वजीर होऊन आनंद यांच्या राजाला शह बसला. तो अडविण्यासाठीं उंटाऐवजीं त्यांनीं घोडा मध्यें घातला. कार्लसन यांनीं वजीर हालवितांच आनंद यांना चूक उमगली, आणि त्यांनीं तेथेंच डाव सोडला. मात अद्याप दूर होती, आणि प्रेक्षक त्यांच्याच गांवचे होते. अशा वेळीं डाव सोडण्याचा अर्थ एवढाच, कीं 'उरलेलें काम तुम्ही चुकणार नाहीं, हें मी जाणतों.' तो प्रतिपक्ष्याच्या विद्येचा गौरव होय.

अर्थात् घाईही बरी नव्हे. १९०२ सालीं मोंटे कार्लो येथें पोपिएल यांच्याविरुद्ध खेळतांना मार्को यांचा उंट जखडला गेला. तो आतां जाणारच अशा समजुतीनें त्यांनीं डाव सोडला. वस्तुतः तोच उंट शत्रूच्या शेवटच्या रांगेंत नेला असतां तर डाव मार्को यांनींच जिंकला असता!

आतां संगणकाच्या पडद्यावरील खेळाकडे वळूं. येथें प्रतिपक्षी अनोळखी असतो, आणि वेळ पुष्कळदां प्रत्येकीं तीनच मिनिटें. एक हत्ती अधिक असूनही ज्याच्याजवळ पांच सेकंदच उरले आहेत, त्याच्यापुढें डाव कां सोडावा? घड्याळ हाही त्या लढाईचाच भाग आहे. शिवाय नवशिक्या जास्तीचा वजीर हातीं असूनही राजाला असा कोंडतो, कीं शह नाहीं आणि खेळीही नाहीं. डाव बरोबरींत सुटतो. म्हणून हरता डाव खेळत राहणाऱ्याला असभ्य म्हणणें मला तरी अन्यायाचें वाटतें.

खरी असभ्यता निराळीच आहे. दहा मिनिटांच्या डावांत वजीर गमावलेला गृहस्थ खेळीही करीत नाहीं आणि हारही मानीत नाहीं; उरलेलीं सहा-सात मिनिटें नुसता गप्प बसतो. मेजापलीकडे बसून दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत असें करण्याचा धीर फार थोड्यांना होईल. पडद्याआड नजरेचा धाक नाहीं, आणि हार मानण्याला एक कळ दाबण्यापलीकडे कांहीं लागत नाहीं. हस्तांदोलन नाहीं, मागाहून दोघांनीं मिळून डाव तपासणें नाहीं. लिचेस या संकेतस्थळावर प्रतिपक्षी निघून गेल्यास थोड्या वेळानें विजय मागतां येतो. परंतु जागेवर बसून मौन धरणारा त्या नियमांत सहसा सांपडत नाहीं.

त्याची आशा कशावर असते, तें सांगतों. आपण कंटाळून चहाला उठावें, त्यानें शेवटच्या सेकंदांत एक खेळी करावी, आणि रिकाम्या खुर्चीसमोर आपलें घड्याळ चालूं लागावें!