यांत्रिक प्रतीची पुष्पिका: स्कॅनर चालविणाऱ्या लायब्ररीविषयीं

मोडी कागदांचे व पोथ्यांचे संग्रह ज्यांच्यापाशीं आहेत, त्यांपैकीं पुष्कळांनीं आतां स्कॅनर घेतला आहे, आणि हातानें नक्कल करण्याचें काम मागें पडून कागदाचें चित्रच संगणकांत उतरविण्याचा प्रघात पडला आहे. यांत लाभ मोठा आहे हें निर्विवाद. परंतु नक्कल करणारा कारकून काय वाचतो, काय गाळतो आणि काय मनानें सुधारतो, याची चिकित्सा जितकी आपण करीत आलों, तितकी या नव्या नकलनविसाची अद्याप केलेली नाहीं. यंत्रास पक्षपात नाहीं, तें कशास गाळील, असा आपला समज असतो. तो समज किती महाग पडतो हें आम्हांस स्वतःच्या चुकीनें कळलें. म्हणून ती चूक प्रथम सांगून, ती टाळण्याचें जें साधन उपलब्ध आहे त्याची माहिती प्रस्तुत लेखांत देण्याचें योजिलें आहे.

१

इ. स. २०१८ च्या उन्हाळ्यांत कृष्णाकांठच्या एका घराण्यानें आपल्या संग्रहांतील एक रुमाल आम्हांस चार दिवसांपुरता दिला. त्यांत २१२ सुटे मोडी कागद होते. प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनीं कांचेवर ठेवून आम्हीं चित्रें घेतलीं आणि रुमाल जसाचा तसा बांधून परत केला. यंत्राबरोबर आलेली जी खिडकी पडद्यावर उघडते, तींतील खुणा जशा होत्या तशाच आम्हीं राहूं दिल्या. चित्रें मोजून पाहण्याची बुद्धि मात्र झाली नाहीं. पुढें इ. स. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेला महापूर आला, त्या घरांत पाणी शिरलें आणि रुमाल गेला. त्यानंतर आमच्याकडील चित्रें काढून मोजलीं, तों ४२४ च्या ठिकाणीं ३७१ भरलीं. ५३ बाजू नाहींत.

शोध करतां असें आढळलें कीं, त्या खिडकींत ‘कोरीं पानें वगळा’ ही खूण आधींपासूनच चालू होती. ज्या बाजूवर शाई फार थोडी, ती कोरी असा निर्णय आज्ञावलीनें परस्पर करून ते चित्र टाकून दिलें होतें. आतां मोडी कागदाच्या पाठीवर काय असतें हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. पैवस्तीची मिति, ‘बार’ किंवा ‘सुरू सूद’ असा दफ्तरी शेरा, जोडावरील एखादें मोर्तब, एवढीच काय ती शाई. पण कागदाचा काळ व खरेपणा बहुधा तिच्यावरच ठरावयाचा. त्या ५३ बाजूंपैकीं खरोखर कोऱ्या किती आणि शेऱ्याच्या किती, हें आतां कोणासच सांगतां येणार नाहीं. जीं चित्रें राहिलीं तीं काळा व पांढरा अशा दोनच रंगांत असल्यामुळें फिकट मोर्तबाच्या जागीं नुसतें पांढरें पान दिसतें. आणि कडा आपोआप कापल्या गेल्यामुळें समासांतील कित्येक अक्षरें अर्धींच आलीं आहेत. दोष यंत्राचा नव्हे. त्यास काय करावें तें आम्हीं सांगितलें नाहीं, आणि त्यानें काय केलें तें विचारलेंहि नाहीं.

२

आमचे एक जुने विद्यार्थी आज्ञावली लिहिण्याचा व्यवसाय करतात. त्यांच्यापुढें ही हकीकत मांडली तेव्हां त्यांनीं सांगितलें कीं, ती तयार खिडकी हा यंत्राशीं बोलण्याचा एकमेव मार्ग नव्हे. आपल्या स्वतःच्या आज्ञावलींतून स्कॅनरला थेट आज्ञा देतां येते, आणि त्यासाठीं तयार लायब्ररी मिळतात. येथें लायब्ररी म्हणजे ग्रंथालय नव्हे. एकानें एकदां लिहून ठेवलेल्या आणि दुसऱ्यानें आपल्या आज्ञावलींतून हवी तेव्हां बोलवावी अशा क्रियांचा तो संग्रह होय. वैय्याकरणानें सूत्र एकदां करून ठेवावें आणि प्रयोक्त्यानें तें प्रत्येक शब्दापुरतें लावावें, त्यांतलाच हा प्रकार.

अशा लायब्ररीची गरज कां पडली हें सोप्या हिशेबानें कळेल. प्रत्येक यंत्राची भाषा निराळी. पांच आज्ञावलींना चार यंत्रांशीं बोलावयाचें असेल तर वीस दुभाषी लागतील. उलट सर्वांनीं मध्यें एक सामान्य भाषा मानली, तर आज्ञावलींचे पांच व यंत्रांचे चार मिळून नऊच पुरतात. या हेतूनें कांहीं कंपन्यांनीं एकत्र येऊन इ. स. १९९२ त ‘ट्वेन’ नांवाचा संकेत प्रसिद्ध केला. हें नांव ‘दोन’ या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द असून तें रुडयार्ड किपलिंग यांच्या ‘द बॅलड ऑफ ईस्ट अँड वेस्ट’ या इ. स. १८८९ च्या काव्यावरून घेतलेलें आहे. संगणक व स्कॅनर या दोघांची भेट घडविणें त्या काळीं किती अवघड वाटे, याची ती खूण. किपलिंग हे इ. स. १८६५ त मुंबईंत जन्मले, एवढा आपला या नांवाशीं संबंध.

विंडोज चालणाऱ्या संगणकांवर ट्वेनचा प्रचार अधिक आहे. लिनक्सवर ‘सेन’ नांवाची लायब्ररी वापरतात. दोहोंची रचना थोडी भिन्न असली तरी तत्त्व एकच. आपली आज्ञावली एका टोकास, यंत्राची भाषा जाणणारा दुभाषी दुसऱ्या टोकास, आणि मध्यें ठरलेली बोली. ट्वेनमध्यें या दोहोंच्या मध्यें आणखी एक व्यवस्थापक असतो. कोणतें यंत्र जोडलेलें आहे हें सांगणें आणि निरोप इकडून तिकडे पोंचविणें हें त्याचें काम. एक अडचण येथेंच नोंदवितों. ३२ बिटांसाठीं केलेला दुभाषी ६४ बिटांच्या आज्ञावलींत बसत नाहीं. त्यामुळें तार जोडलेली असून, दिवा लागलेला असून, आज्ञावलीस यंत्र दिसतच नाहीं. अशा वेळीं यंत्र बिघडलें असें न समजतां दोहोंची जात एक आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें.

३

ट्वेनमधील व्यवहाराच्या सात अवस्था मानलेल्या आहेत. पहिलींत कांहींच सुरू नाहीं. दुसरींत व्यवस्थापक संगणकाच्या स्मृतींत आणला जातो. तिसरींत तो उघडतो. चौथींत विशिष्ट यंत्राचा दुभाषी उघडतो. पांचवींत यंत्रास काम करण्याची मोकळीक मिळते. सहावींत चित्र तयार होतें. सातवींत तें आपल्याकडे येऊं लागतें. पायऱ्या ज्या क्रमानें चढावयाच्या त्याच्या उलट क्रमानें उतरावयाच्या. मध्येंच आज्ञावली बंद पडली तर यंत्र अडकून राहतें आणि दुसऱ्या कोणाच्या हाकेस ओ देत नाहीं.

या सातांत आमच्या दृष्टीनें चौथी अवस्था सर्वांत महत्त्वाची, कारण वाटाघाट काय ती तेथेंच होते. तुला काय काय येतें, असें विचारलें कीं यंत्र आपल्या गुणांची यादी देतें: एका इंचांत किती ठिपके, रंग किती, कागद आपोआप ओढणारा भरणा आहे कीं नाहीं, कोरीं पानें टाकण्याची व कडा ओळखण्याची सोय आहे कीं नाहीं. त्या त्या गुणाची सध्यांची किंमत विचारतां येते आणि नवी ठरवितां येते. यंत्राची खिडकी न उघडतां काम करतां येईल कीं नाहीं, हेंहि विचारण्याचा स्वतंत्र प्रश्न आहे. आमच्या रुमालाच्या वेळीं हे प्रश्न कोणी केले असते, तर ‘कोरीं पानें वगळा’ हें कलम तेव्हांच उघडकीस आलें असतें.

४

आतां या लेखांतील मुख्य गोष्ट. यंत्रास एखादी किंमत सांगितली म्हणजे तें ती मानतेंच असें नाहीं. समजा, आपण इंचास ३५० ठिपके मागितले आणि यंत्रास ३०० व ६०० एवढेच ठाऊक आहेत. कांहीं यंत्रें साफ नकार देतात. कांहीं मात्र जवळची किंमत परस्पर घेतात. या दुसऱ्या प्रसंगासाठीं ट्वेनमध्यें ‘चेकस्टेटस’ असें एक निराळें उत्तर ठेवलेलें आहे. त्याचा अर्थ, काम झालें, पण जसें सांगितलें तसेंच झालें असें नव्हे, पाहून घ्या. सेनमध्यें हीच गोष्ट ‘इनेक्झॅक्ट’ या खुणेनें कळते, आणि आपण किंमत ज्या जागेंत ठेवून दिली त्याच जागेंत खरी घेतलेली किंमत परत मिळते. दोन्ही ठिकाणीं यंत्र प्रामाणिक आहे. पण आज्ञावली लिहिणाऱ्यानें ‘नकार आला नाहीं’ एवढेंच पाहून पुढें पाऊल टाकलें, तर तो प्रामाणिकपणा वायां जातो.

मागितलेली किंमत व मिळालेली किंमत हे आमच्या मतें दोन पाठ आहेत, आणि पाठभेद जसा तळटीपेंत देतों तसे दोन्ही चित्राबरोबर नोंदवून ठेविले पाहिजेत. ट्वेनच्या सहाव्या अवस्थेंत येणाऱ्या चित्राची लांबी, रुंदी, ठिपके व रंग विचारतां येतात. सेनमध्यें काम सुरू केल्यावर तीच माहिती मिळते. जुने लेखक पोथीच्या अखेरीस पुष्पिका लिहून, आपण जसें पाहिलें तसें उतरलें, न्यूनाधिकाचा दोष आपणांस देऊं नये, अशी विनंति करीत. यंत्र आपण होऊन पुष्पिका लिहीत नाहीं. ती त्याजकडून लिहवून घ्यावी लागते.

५

आमच्या विद्यार्थ्यांनीं या लायब्ररीच्या आधारें जी लहान आज्ञावली करून दिली, तींत पुढील नियम घातले आहेत. कोरीं पानें वगळणें, कडा कापणें व तिरपें पान सरळ करणें हे तिन्ही गुण यंत्रांत असल्यास बंद करावयाचे, आणि ते बंद झाले हें पुन्हा विचारून पाहावयाचें. आपोआप भरणा बंद. जुना कागद चाकांच्या तोंडीं देऊं नये. रंग पूर्ण. प्रत्येक कागदाच्या दोन बाजू मिळाल्याशिवाय पुढचा क्रमांक द्यावयाचा नाहीं. चित्र टिफ फाइलींत, कांहीं न गमावतां. आणि शेजारीं त्याच नांवाची साधी मजकुराची फाइल, जींत रुमाल, कागदाचा क्रमांक, बाजू, यंत्र, वेळ, आणि मागितलेल्या व मिळालेल्या सर्व किंमती असतील.

पूर्ण रंगानें जागा फार लागते, असा आक्षेप येतो. दहा इंच लांब व पांच इंच रुंद पान इंचास ३०० ठिपक्यांनीं घेतलें तर ४५ लाख ठिपके होतात. पूर्ण रंगांत प्रत्येकास तीन बाइट धरून १ कोटी ३५ लाख बाइट लागतात. दोनच रंगांत ५ लाख ६२ हजार ५०० पुरतात. म्हणजे चोवीसपट बचत. पण त्या बचतींत प्रत्येक ठिपक्यास काळा कीं पांढरा याचा निकाल तेथल्या तेथें लागतो, आणि फिकट मोर्तब हें त्या निकालांत नेहमीं हरणारें. जागा पुढें विकत मिळते. टाकलेली छटा मिळत नाहीं.

लायब्ररीनें सर्व साधतें असें मात्र समजूं नये. बांधलेली पोथी कांचेवर दाबणें घातकच. तिच्यासाठीं वरून छायाचित्र घेण्याची योजना हवी. कागदाच्या घडणींतील पाणरेघा दिसण्यास मागून उजेड लागतो. तो साध्या स्कॅनरांत नसतो. चित्रें मोजण्याचें काम तर माणसाचेंच.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच आहे. ज्यांनीं मागें तयार खिडकींतून चित्रें घेतलीं असतील, त्यांनीं मूळ कागद हातीं आहेत तोंवर एकदां कागद व चित्रें समोरासमोर मोजून पाहावीं, आणि कमी भरलेल्या बाजू पुन्हा घ्याव्या. आमच्या ५३ बाजूंच्या जागीं आम्हीं तितकींच रिकामीं पानें घालून प्रत्येकावर ‘चित्र नाहीं, मूळ नष्ट’ असें लिहून ठेविलें आहे.