कापड, थडगी आणि दगडी कुऱ्हाडी

चेन्नई सेंट्रलच्या उपनगरी फलाटांवरून उत्तरेला जाणाऱ्या लोकलवर ‘गुम्मिडिपूंडी’ ही पाटी दिवसभर दिसते. मराठी पर्यटक ती वाचतो, उच्चार जमतोय का ते बघतो आणि महाबलीपुरमची गाडी ठरवायला निघून जातो. त्याचं फार चुकतं असं नाही. गुम्मिडिपूंडी म्हणजे सिपकॉट या सरकारी महामंडळाची औद्योगिक वसाहत, कारखाने, कोलकात्याचा महामार्ग आणि त्यावरचे ट्रक. बघण्यासारखं जे आहे ते गावात नाही, आजूबाजूला आहे. पूर्वेला खाडीकाठी पुलिकत आणि नैऋत्येला तलावाकाठी पूंडी. एका ठिकाणी चारशे वर्षांचा इतिहास, दुसऱ्या ठिकाणी पंधरा लाख वर्षांचा. दोन्हीकडे गर्दी नाही आणि पाट्याही जेमतेम. त्यामुळे आधी थोडं वाचून गेलेलं बरं.

पुलिकतसाठी याच लोकलने पोन्नेरीला उतरायचं आणि बस धरायची. पत्ता विचारताना मात्र ‘पळवेरकाडू’ म्हणायचं, तमिळ लोक त्याच नावाने ओळखतात. चिल्कानंतर देशातलं सगळ्यात मोठं खाऱ्या पाण्याचं सरोवर ते हेच. त्याच्या आणि समुद्राच्या मध्ये श्रीहरिकोटाचं बेट आहे, जिथून आपली रॉकेटं उडतात.

डच इथे आले ते मसाल्यासाठी, आणि पुलिकतला मसाला पिकत नव्हता! गोम अशी की जायफळ, लवंग व्हायची ती पार पूर्वेकडच्या मोलुक्का बेटांवर, आणि तिथल्या लोकांना बदल्यात हवं असायचं कोरोमंडल किनाऱ्याचं रंगीत सुती कापड. तेव्हा आधी इथे तागे घ्यायचे, ते पूर्वेला न्यायचे, तिकडून मसाला उचलायचा आणि युरोप गाठायचा. विणकर आणि रंगारी या धंद्याचा पाया होते. पुढे चौकड्यांच्या रुमालालाच युरोपात ‘पुलिकत’ म्हणू लागले.

१६१०मध्ये विजयनगरच्या वेंकटपती रायाच्या दरबारातून डचांना वखारीची परवानगी मिळाली. १६१२मध्ये सान थोमेच्या, म्हणजे आजच्या मैलापूरच्या, पोर्तुगीजांनी ती वखार उद्ध्वस्त केली. मग १६१३मध्ये डचांनी किल्लाच बांधला आणि वेमर व्हान बेर्खेम या अधिकाऱ्याने त्याला आपल्या गेल्डरलँड प्रांतावरून ‘गेल्ड्रिया’ नाव दिलं. १६९०मध्ये मुख्य ठाणं नागपट्टणमला हलेपर्यंत डच कोरोमंडलचा कारभार इथूनच चाले. १८२५मध्ये पुलिकत कायमचं इंग्रजांकडे गेलं. आज किल्ला शोधायला गेलात तर खंदकाच्या खुणा आणि झुडपांनी गिळलेला उंचवटा सापडतो. सिंधुदुर्ग-प्रतापगड पाहिलेल्या डोळ्यांना हा किल्ला वाटणार नाही.

थोडं चालून गेलं की पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली डच दफनभूमी लागते. दाराच्या दोन्ही अंगांना दगडात कोरलेले दोन सांगाडे पहाऱ्याला उभे आहेत. आत आलात, तुमचीही पाळी येईल, एवढाच त्यांचा निरोप. सतराव्या शतकातल्या प्रोटेस्टंट युरोपात मृत्यूची अशी उघड आठवण करून देणं शिष्टसंमत होतं. आत शिळांवर उठावाची अक्षरं आहेत, घराण्यांची चिन्हं, कवट्या. एका शिळेवर तर खुद्द गेल्ड्रिया किल्ल्याचं चित्र कोरलेलं आहे. मूळ किल्ला मातीत गेला आणि थडग्यावरचा टिकला. इथे घाई करू नका. बोटाने अक्षर लागतं, नाव लागतं, साल लागतं.

पण ही नावं कोणाची? डच ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांची, व्यापाऱ्यांची, त्यांच्या बायकामुलांची. ज्यांच्या कापडावर हे उभं राहिलं त्या विणकरांचं नाव इथे नाही. आणि डचांनी या किनाऱ्यावरून आणखी एक माल हलवला होता: माणसं. दुष्काळ पडला की पोटासाठी लोक स्वतःला, पोराबाळांना विकत, आणि कंपनीची जहाजं त्यांना बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, नेत. सतराव्या शतकात अशी हजारो माणसं गेली. दफनभूमीत त्यांचा उल्लेख शोधून मिळणार नाही.

मराठी वाचकाने इथे एक गोष्ट ध्यानात ठेवून जावं. दक्षिण दिग्विजयात जिंजी घेतल्यावर, ऑगस्ट १६७७मध्ये, शिवाजी महाराजांनी डचांना व्यापाराचा कौल दिला. त्यात आपल्या अमलाखालच्या मुलखात गुलाम विकत घ्यायला आणि बाहेर न्यायला साफ मनाई केली. आधीच्या राजवटीत हे चालत असे, आता चालणार नाही, असा त्याचा रोख. हा मजकूर डच दप्तरातूनच आपल्यापर्यंत पोहोचला. पुलिकत तेव्हा गोवळकोंड्याकडे होतं, त्यामुळे तिथे हा हुकूम लागू नव्हता. तरी सांगाड्यांच्या दारातून बाहेर पडताना तो आठवावा असाच आहे.

जाता जाता आदिनारायण पेरुमाळचं देऊळ बघा. ते चक्क जांभ्या दगडाचं आहे, आणि त्यावर रामायणातले प्रसंग वीतभर जागेत कोरलेले आहेत. कोकणातल्या माणसाला जांभ्यावर इतकं बारीक काम पाहून नवल वाटेल. गावातल्या लहान मशिदीत नमाजाची वेळ दाखवणारं सावलीचं घड्याळ आहे.

पूंडीला मात्र वेगळा दिवस द्या. चेन्नईला पाणी पुरवणारा हा तलाव १९४४चा. त्याच्या काठी राज्य पुरातत्त्व खात्याने १९८५मध्ये प्रागैतिहासिक संग्रहालय उभारलं. भव्य काही नाही; दगड मांडलेत, बस्स. पण हे दगड जवळच्या अत्तिरमपाक्कमसारख्या ठिकाणांचे आहेत. हाताच्या पंजात मावेल एवढी, बदामाच्या आकाराची क्वार्टझाइटची कुऱ्हाड नीट निरखा. दोन्ही बाजूंनी कपचे उडवलेले दिसतात, एका अंगाला धार, दुसऱ्या अंगाला पकड. निसर्गात फुटलेल्या दगडाला अशी दुतर्फा शिस्त नसते.

तिचं वय कसं काढलं? अत्तिरमपाक्कमला शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी १९९९पासून उत्खनन केलं. दगड उघड्यावर असतो तेव्हा अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे त्यातल्या क्वार्ट्झमध्ये अॅल्युमिनियम-२६ आणि बेरिलियम-१० हे किरणोत्सारी अणू तयार होतात. दगड खोल गाडला गेला की ही भर थांबते आणि साठा ओसरू लागतो. अॅल्युमिनियम लवकर, बेरिलियम सावकाश. दोघांचं उरलेलं प्रमाण मोजलं की गाडला जाऊन किती काळ लोटला ते कळतं. उत्तर आलं सुमारे पंधरा लाख वर्षं; २०११मध्ये ते ‘सायन्स’मध्ये छापून आलं. त्याच जागेच्या वरच्या थरांत अवजारं घडवण्याची पद्धत बदललेली दिसते. तो बदल सुमारे ३,८५,००० वर्षांपूर्वी सुरू झाला, असं २०१८मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. तोवर भारतात तो बराच अलीकडचा धरला जाई.

आपल्याकडे नेवाशाजवळ चिरकीला याच जातीच्या कुऱ्हाडी मिळाल्या आहेत आणि ह. धी. सांकलियांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून या अभ्यासाची एक पिढी घडवली. नेवाशाला ज्ञानेश्वरीच्या खांबासाठी गेलेल्या किती जणांना हे ठाऊक असतं, कोण जाणे.

भारतात या कुऱ्हाडींचा पहिला शोध लावला तो रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने. त्याने १८६३च्या मे महिन्यात पहिली कुऱ्हाड ओळखली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात विल्यम किंगबरोबर तो अत्तिरमपाक्कमला पोहोचला. त्याचा संग्रह पुढे मद्रासच्या सरकारी संग्रहालयाने घेतला, म्हणून वेळ असेल तर एग्मोरच्या त्या संग्रहालयातही एक फेरी मारा. ती पहिली कुऱ्हाड पल्लावरमला सापडली होती, म्हणजे आजच्या चेन्नई विमानतळाला अगदी लागून.