केसपेपरवरचं नाव

तपासणीच्या वेळी पडदा ओढलेला नसेल, तर जीव किती संकोचतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पारलिंगी व्यक्तींना मात्र हा संकोच केसपेपर काढण्यापासूनच सुरू होतो. आज त्याबद्दलच बोलू.

गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघी-तिघी एका पारलिंगी मैत्रिणीबरोबर दवाखान्यात गेलो होतो. दोन दिवस तिच्या छातीत दुखत होतं. डॉक्टरांनी ईसीजी काढायला सांगितला. केसपेपरवर आधारकार्डावरचं जुनं, पुरुषी नाव होतं. तेच मोठ्यानं पुकारलं गेलं. साडी नेसलेली ती उठली आणि बाकावरच्या सगळ्या माना वळल्या. कुणीतरी हसलं. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. काम नसलेली माणसंही डोकावून गेली. ईसीजी न काढताच ती बाहेर आली. म्हणाली, "ताई, यापेक्षा दुखणं परवडलं."

दुखणं अंगावर काढायची वेळ अशी येते. म्हणून मान राखणं हा उपचाराचाच भाग आहे, असं आम्ही म्हणतो.

ईसीजीसाठी छाती, हात आणि पाय मोकळे करावे लागतात. काम थोड्याच मिनिटांचं असतं. दार लावावं, अंगावर चादर द्यावी, "इथं पट्टी लावते हं" असं सांगून हात लावावा. ऑपरेशन झालंय का, कुठलं, हे केवळ कुतूहल म्हणून विचारू नये.

पण काही प्रश्न विचारावेच लागतात, आणि त्यांची खरी उत्तरं द्यावी लागतात. हार्मोनच्या गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असतील, तर डॉक्टरांना जरूर सांगावं. इस्ट्रोजेनमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढू शकतो. छातीत दुखत असताना ही माहिती मोलाची असते. रक्ताच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिनचं प्रमाण बाई-पुरुषांसाठी वेगवेगळं छापलेलं असतं. हार्मोन घेणाऱ्यांचा आकडा कसा वाचायचा, ते डॉक्टरांनी ठरवायचं. ज्या पारलिंगी पुरुषाला गर्भाशय आणि गर्भाशयमुख आहे, त्याला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी लागते. पारलिंगी स्त्रीचं ऑपरेशन झालं, तरी प्रोस्टेट ग्रंथी सहसा तशीच राहते. म्हणजे जो अवयव शरीरात आहे, त्याची काळजी घ्यायची. नाव आणि कपडे कोणतेही असोत.

कायदाही हेच सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. 2019 च्या कायद्यानुसार पारलिंगी व्यक्तीला उपचार नाकारणं किंवा उपचारांत भेदभाव करणं यांना मनाई आहे.

मग करायचं काय? केसपेपर काढतानाच विचारावं, "तुम्हाला काय नावानं हाक मारू?" ते नाव कोपऱ्यात लिहून ठेवावं. कागदावर जुनं नाव असेल, तर नंबर पुकारावा. तपासायला बाई हवी की पुरुष, हेही विचारावं. रुग्णानं शक्य असेल तर सोबत एखादं माणूस न्यावं, जुने रिपोर्ट आणि औषधांची चिठ्ठी न्यावी. आणि बाकावर बसलेल्या आपण? आपण टक लावून बघायचं नाही. कुणी हसलं तर "अहो, दुखणं सगळ्यांना सारखंच" एवढं तरी म्हणायचं.

आठवड्यानं आमची मैत्रीण पुन्हा गेली. आम्ही सिस्टरना आधीच भेटून तिचं नाव सांगितलं होतं. त्यांनी तिला त्याच नावानं आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. ईसीजी नॉर्मल निघाला. पण तो आठवडा तिनं आणि आम्हीही कसा काढला, ते आमचं आम्हाला ठाऊक.

पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात, तर शेजारी कोण बसलंय ते जरा बघा. सरकून जागा द्या.