जीपने केलेली पृथ्वीप्रदक्षिणा

ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहराजवळ गिल्डफर्ड ग्रामर स्कूल नावाची जुनी शाळा आहे. तिथे जपून ठेवलेलं एक वाहन पुढून पाहिलं तर होडी वाटतं आणि खाली चाकांकडे नजर गेली की जीप. त्याचं नाव 'हाफ-सेफ'. अमेरिकन लष्करासाठी १९४२ साली बनलेल्या या गाडीने समुद्रावर १७,७८० आणि जमिनीवर ६२,७६५ किलोमीटर कापून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. पाण्यात आणि रस्त्यावर दोन्हीकडे चालणाऱ्या वाहनाने अशी प्रदक्षिणा आधी कोणी केली नव्हती, नंतरही कोणाला जमलेली नाही. मालक होता बेन कार्लिन, याच शाळेचा माजी विद्यार्थी.

घरच्या घरी होड्या बांधणारे, जुन्या बस-टेंपोची फिरती घरं करणारे लोक जगभर आहेत. त्यांच्या हातच्या सगळ्या वाहनांमध्ये मला हाफ-सेफ सर्वांत मोठी वाटते, आणि त्याचं कारण तिने कापलेलं अंतर नाही. गाडीचं रूपांतर एकदा करून संपत नसतं, ते शेवटच्या मैलापर्यंत चालू राहतं, ही गोष्ट या जीपइतकी स्पष्ट कुठेच दिसत नाही.

या कथेची सुरुवात भारतात झाली. कार्लिनचा जन्म १९१२चा, पश्चिम ऑस्ट्रेलियातला. त्याचं शिक्षण खाणकामाच्या अभियांत्रिकीचं. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिशांच्या भारतीय सैन्यात अधिकारी झाला आणि मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोचला. १९४६ साली बंगालमध्ये खरगपूरजवळच्या कलाईकुंडा विमानतळावर युद्धातून उरलेल्या सामानात त्याला फोर्डची पाण्यात चालणारी जीप दिसली. हिच्यात थोडी सुधारणा केली तर जगाला फेरी मारता येईल, असं तो सोबतच्या मित्राला म्हणाला. मित्राला ते पटलं नाही. कार्लिनच्या डोक्यातून मात्र ते गेलं नाही.

ही गाडी म्हणजे 'फोर्ड जीपीए'. साध्या जीपची यंत्रणा घ्यायची आणि तिच्याभोवती पोलादी पत्र्याची होडी बांधायची, ही मूळ कल्पना. होडीच्या आकाराचं काम स्पार्कमन अँड स्टीफन्स या शर्यतीच्या शिडाच्या बोटी रेखाटणाऱ्या नामांकित संस्थेने केलं होतं. इंजिनाचीच ताकद मागच्या पंख्याला जोडलेली, आणि दिशा द्यायला सुकाणू. लांबी सुमारे साडेचार मीटर, रुंदी दीड मीटरच्या थोडी पुढे. १९४२ आणि १९४३ मध्ये अशा बारा हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या. पण लष्कराचं समाधान झालं नाही. गाडी जड होती आणि पाण्यात तिचा काठ लाटेपेक्षा फारसा वर राहत नसे. नदी किंवा तळं ओलांडायला ठीक, खवळलेल्या समुद्रात धोक्याची. सोव्हिएत सैन्याला नद्या ओलांडायला तिचा खूप उपयोग झाला, त्यांनी पुढे तिच्याच धर्तीवर स्वतःची गाडीही काढली. समुद्रासाठी मात्र ही गाडी नाही, हा निकाल लष्कराच्या अनुभवाने दिला होता.

कार्लिनने तीच निवडली. १९४७ साली वॉशिंग्टनमध्ये सरकारी लिलावात त्याने ९०१ डॉलरला एक जीपीए घेतली आणि मेरिलंडमधल्या ॲनापोलिस इथे कामाला लागला.

पहिली अडचण पेट्रोलची. मूळ टाकी जेमतेम ५७ लिटरची, आणि अटलांटिक ओलांडायला इंजिन आठवड्यामागून आठवडे चालवायचं. शीड नाही, वल्हं नाही. इंजिन थांबलं की प्रवास थांबला. म्हणून त्याने पुढे टोकदार नवी नाळ बांधली आणि ती आतून टाकी म्हणूनच वापरली. आणखी एक टाकी गाडीच्या पोटाखाली बसवली. तरीही इंधन पुरेना, तेव्हा एक टाकी दोराने मागे ओढत न्यायचं ठरलं. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे भरलेली टाकीही तरंगते, या साध्या गोष्टीवर ती योजना उभी होती.

दुसरी अडचण माणसांची. उघड्या जीपवर त्याने बंद केबिन चढवली. तिच्यात झोपायला एक फळी, होकायंत्र, रेडिओ, हत्यारं, खाणंपिणं आणि दोन माणसं. एकाने चाक धरायचं आणि दुसऱ्याने अंग टाकायचं, इतकीच जागा. शेजारी दिवसरात्र धडधडणारं इंजिन, त्याची उष्णता, पेट्रोलचा वास. दुसरं माणूस होतं एलिनोर, कार्लिनची बायको. ती अमेरिकन, रेड क्रॉसमध्ये काम करणारी. दोघांची ओळख भारतातलीच. तिला बोट लागायची आणि ते दुखणं तिने प्रवासभर सोसलं. या प्रवासाविषयी लिहिताना सगळं श्रेय कार्लिनच्या नावावर टाकण्याची रीत आहे. ती मला मान्य नाही. अटलांटिक दोघांनी ओलांडला.

'हाफ-सेफ', म्हणजे अर्धीच सुरक्षित, हे नाव अंगाच्या वासावरच्या एका औषधाच्या त्या वेळी गाजलेल्या जाहिरातीतून घेतलेलं. नाव चिकटलं आणि प्रवासाने ते खरंही करून दाखवलं. १९४८ साली न्यूयॉर्कहून केलेल्या पहिल्या प्रयत्नात इंजिनाचा धूर केबिनमध्ये भरला, दोघं गुदमरून बेशुद्ध व्हायच्या बेतात आली आणि परत फिरली. पुढच्या खेपेला पंख्याच्या दांड्याचं बेअरिंग गेलं. गाडी कित्येक दिवस भर समुद्रात वाहत राहिली. एका तेलवाहू जहाजाने तिला उचलून मॉन्ट्रियलला आणलं. त्यानंतर दोघं कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून निघाली, तर ओढत नेलेली टाकीच हातची गेली.

प्रत्येक खेपेला कार्लिनने काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. त्याने नवी गाडी शोधली नाही, बेतही बदलला नाही. जे बिघडलं तेवढंच उघडलं, का बिघडलं ते शोधलं आणि तेवढंच पुन्हा बांधलं. धूर भरला म्हणून हवेची वाट बदलली, टाकी सुटली म्हणून ती जोडायची पद्धत बदलली. अखेर १९ जुलै १९५० रोजी हाफ-सेफ हॅलिफॅक्सहून निघाली आणि ३२ दिवसांनी अझोर्स बेटांपैकी फ्लोरेसला लागली. पुढे मदैराच्या वाटेवर वादळाने तिला झोडपलं, तरी ती तरली. फेब्रुवारी १९५१ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावर केप जुबीजवळ तिची चाकं वाळूला टेकली.

हे शक्य झालं ते इंजिनामुळे, आणि ते इंजिन आपल्याकडच्या जुन्या फिटरना परकं नाही. स्वातंत्र्यानंतर महिंद्रने मुंबईत माझगावला विलिस जीप जुळवायला सुरुवात केली, तिच्याच घराण्यातलं हे चार सिलिंडरचं, २.२ लिटरचं, सुमारे साठ अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन. याचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नसतात, खाली ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या बाजूला असतात. त्यामुळे हेड म्हणजे नुसतं जाड झाकण. नट सोडले, झाकण उचललं, की पिस्टनचे माथे आणि व्हॉल्व्ह डोळ्यांसमोर उघडे. त्या काळच्या पेट्रोलवर आठवडाभर संथ गतीने चाललेल्या इंजिनात काजळी साचते. मग व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत, ताकद उतरते, इंजिन धाप टाकू लागतं. हेड उतरवून ती काजळी खरवडणं हे गॅरेजमध्ये काही तासांचं काम. कार्लिनला ते अटलांटिकच्या मध्यावर करावं लागलं.

ते काम डोळ्यांसमोर आणून बघा. इंजिन बंद केलं की गाडी लाटेला आडवी होते आणि डोलायला लागते. हेड उतरवल्यावर चारही सिलिंडर उघडे, त्यात खाऱ्या पाण्याचा एक सपकारा आला तर सगळं संपलं. नट हातातून सुटून तळात घरंगळला तर तो पोटावर पडून, काळ्या तेलकट पाण्यात हात घालून शोधायचा. काजळी खरवडताना तिचा कण व्हॉल्व्हच्या बैठकीत राहू द्यायचा नाही. गॅसकेट फाटू न देता परत बसवायचं, कारण दुसरं मिळेल ते थेट किनाऱ्यावर. नट मधून कडेकडे, सगळे सारख्या जोराने आवळायचे. मग स्टार्टर मारायचा. इंजिन लागलं तरच पुढचा दिवस.

आधुनिक इंजिन यापेक्षा कितीतरी कमी पेट्रोल पितं, कमी कुरकुरतं. पण त्या जागी ते बंद पडलं असतं, तर कार्लिनच्या हातात करण्यासारखं काही उरलं नसतं. मागासलेलं, सरळ आणि पान्याला मोकळं होणारं यंत्र, हीच त्याची खरी शिदोरी होती.

आफ्रिकेतून युरोप आणि मग इंग्लंड. तिथे पैसे संपले, गाडीची मोठी दुरुस्ती झाली आणि कार्लिनने अटलांटिकच्या प्रवासावर पुस्तक लिहिलं. १९५५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी हाफ-सेफ पुन्हा निघाली: युरोप, तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान आणि भारत. ज्या बंगालमध्ये ही कल्पना सुचली, तिथल्या कोलकात्यापर्यंत ती चाकांवर येऊन पोचली. इथून पुढच्या समुद्रावर एलिनोर नव्हती. तिने प्रवास सोडला, लग्नही टिकलं नाही. या फेरीची ती किंमत होती आणि ती दोघांनी मोजली.

कार्लिन ब्रह्मदेश, थायलंड, व्हिएतनाम, हाँगकाँग करत जपानला गेला. १९५७ मध्ये बॉय द मेंते या अमेरिकन तरुणाला सोबत घेऊन त्याने जपानहून अल्यूशियन बेटांमार्गे अलास्का गाठला. धुकं, गारठा आणि कोंदट केबिन यांत दोघांचं फारसं जमलं नाही. त्या प्रवासावर द मेंतेने पुढे स्वतःचं पुस्तक लिहिलं. मे १९५८ मध्ये हाफ-सेफ मॉन्ट्रियलला पोचली आणि फेरी पूर्ण झाली. कार्लिन १९८१ साली पर्थला वारला. प्रवासाच्या उत्तरार्धाचं त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर शाळेने छापलं.

जीपीएला जीव लावणारा कार्लिन एकटा नव्हता. फ्रँक आणि हेलन श्रायडर या अमेरिकन जोडप्याने तशीच एक गाडी दुरुस्त करून तिचं नाव 'तोर्तुगा', म्हणजे कासव, ठेवलं. जिथे रस्ता संपला तिथे समुद्रात उतरत ती दोघं १९५४ ते १९५६ मध्ये अलास्काहून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत गेली. नंतर दुसऱ्या तोर्तुगातून त्यांनी गंगेचा प्रवास केला. १९६० साली 'नॅशनल जिऑग्राफिक'मध्ये तो आला.

आज पुण्या-मुंबईतही जुन्या ट्रॅव्हलर, बस, पिकअप घेऊन त्यांची फिरती घरं करणारे वाढत आहेत. त्यांच्यापुढे कायदाही आहे: १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल चालत नाही, आरटीओकडे रीतसर जावं लागतं. ते करावंच. पण त्याआधी हाफ-सेफकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. पलंग किती रुंद, दिवे किती, सिंक कुठे, हे ठरवण्यापूर्वी प्रत्येक जोडणीपाशी थांबून विचारायचं: ही मला स्वतःला, रस्त्याच्या कडेला, हाताशी असलेल्या पान्याने उघडता येईल का? पाण्याची नळी फळीमागे गाडून टाकली असेल, फ्यूजपर्यंत हात पोचत नसेल, टाकी काढायला अख्खं घर मोडावं लागत असेल, तर ती गाडी अंगणातच सुंदर. लिलावातून घेतलेल्या, लष्कराने समुद्रासाठी नापास केलेल्या जीपला कार्लिनने जगाची फेरी घडवली, कारण तिचा एकेक नट त्याने निदान एकदा स्वतःच्या हाताने सोडला आणि आवळला होता. गाडी आपली होते ती अशाने, आणि अशाच गाडीने लांबच्या वाटेला लागावं.