शेततळ्यातलं पाणी कोणाचं?

या आठवड्यात पाळी कांदळवनांची होती. हरित हवामान निधीतून किनाऱ्यासाठी आलेल्या पैशाचा हिशेब मांडायचं ठरलं होतं. पण मागच्या भागात ‘पोकरा’चा ओझरता उल्लेख झाला आणि जालन्याकडच्या एका मोसंबी बागायतदाराचं पत्र आलं. त्यांचा प्रश्न एवढाच आहे: गावात अनुदानावर इतकी शेततळी झाली, सगळी प्लास्टिक कागद अंथरलेली, उन्हाळ्यातही भरलेली दिसतात; मग पिण्याच्या विहिरीचा तळ आधीपेक्षा लवकर का दिसू लागतो? हवामान बदलासाठीच्या सरकारी नियोजनातली सगळ्यात अवघड गाठ याच प्रश्नात आहे. कांदळवनं आठवडाभर थांबतील.

आधी पैसा किती, ते पाहू. हवामान बदलाशी जुळवून घेण्यासाठी केंद्राने 2015 मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय निधी काढला आणि त्याची अंमलबजावणी नाबार्डकडे दिली. त्यातून देशभरात 30 प्रकल्प मंजूर झाले, मिळून सुमारे 847 कोटी रुपयांचे. इकडे एकट्या महाराष्ट्राचा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजेच पोकरा, 4000 कोटींचा. 2018 साली जागतिक बँकेने त्यासाठी 2800 कोटींचं कर्ज मंजूर केलं, उरलेले राज्याने घालायचे ठरले. 15 जिल्ह्यांतली 5142 गावं त्यात आली, त्यातली 932 पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यातली. हवामानाचा खरा पैसा शोधायचा तर पर्यावरण खात्यापेक्षा कृषी विभागाचं दार आधी ठोठावावं, ते यासाठी.

या प्रकल्पात एक काम फार मोलाचं झालं, आणि त्याची पुरेशी वाखाणणी कुणी केली नाही. आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांच्या मदतीने गावागावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत बसवली गेली. महसूल मंडळातल्या केंद्रावर रोज मोजला जाणारा पाऊस घ्यायचा, शिवारातली माती किती खोल आणि कसली, उतार किती, पीक कोणतं हे त्याला जोडायचं. मग पडलेल्या पावसातलं किती ओढ्याला गेलं, किती मातीत राहिलं, किती जमिनीत मुरलं आणि ऑगस्टमध्ये पावसाने खंड दिला तर सोयाबीनला, कपाशीला किती पाणी कमी पडलं, हे आकड्यांत निघतं. गावाची सरासरी 700 मिलिमीटर आहे, हे वाक्य शेतकऱ्याच्या काहीच कामाचं नसतं. त्याला खंडाचे वीस दिवस निभवायचे असतात. किती संरक्षित पाणी लागेल आणि ते कुठून आणता येईल, याचं उत्तर हा ताळेबंद देतो. त्यावर गावाचा आराखडा बेतायचा, अशी मूळ कल्पना.

आता शेततळं. नेहमीचं 30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल. त्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावतं. नावाप्रमाणे ते पावसाळ्यात शेतातून वाहून जाणाऱ्या पाण्याने भरायचं. कागद अंथरलेल्या तळ्यांचं मात्र बऱ्याच ठिकाणी वेगळंच असतं. त्यांचे बांध उंच असतात, ओढ्याचं पाणी आत यायला वाट नसते. ती भरतात मोटारीने, पावसाळा ओसरता ओसरता, विहिरीतून नाहीतर बोअरमधून. म्हणजे जमिनीत मुरलेलं पाणी वर काढून उन्हात पसरून ठेवायचं.

उन्हाचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. मार्च ते मे मराठवाड्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला सरासरी 8 मिलिमीटर वाफ होते असं धरलं, तर 900 चौरस मीटरच्या तळ्यातून रोज सात हजार लिटरच्या वर पाणी हवेत जातं. पातळी उतरते तसा पृष्ठभाग आक्रसतो, तेवढं वजा केलं तरी तीन महिन्यांत पाच-सहा लाख लिटर. तळ्याचा चौथा हिस्सा! तेच पाणी खडकात राहिलं असतं तर उन्हाने त्याला हात लावला नसता.

शेतकऱ्याची बाजूही खरी आहे. 2012-13 च्या दुष्काळात जालना आणि औरंगाबाद जिल्ह्यांत मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. पाच-सात वर्षं लेकरासारखी जपलेली झाडं जळताना ज्याने पाहिली, तो पाणी आपल्या ताब्यात ठेवू पाहणारच. शिवाय बेसॉल्टच्या खडकात साठा थोडा आणि तोही सामाईक: आपण उपसलं नाही तर शेजारी उपसतो, हे प्रत्येक जण जाणतो. गावच्या सामाईक कणगीतलं धान्य कुणी आधी घरी नेलं की बाकीचे पोती घेऊन धावतात, तसं हे आहे. काही अभ्यासू शेतकरी आणखी एक मुद्दा काढतात: हे पाणी हिवाळ्यात झिरपून ओढ्याला जाणारच असतं, ते धरलं तर बिघडलं काय? बिघडतं ते ओढ्याच्या खालच्या अंगाला. तिथल्या विहिरी डिसेंबरात त्याच झिरप्यावर जगतात. पत्रातल्या पिण्याच्या विहिरीचं उत्तर बहुधा इथेच आहे.

उलट खारपाणपट्ट्यात जा. अकोला, अमरावती, बुलढाण्यातून जाणाऱ्या पूर्णेच्या काठी भूजल मुळातच खारं. विहिरीच्या पाण्याने जमीनच बिघडते, म्हणून तिथला शेतकरी पिढ्यान् पिढ्या पावसाकडे डोळे लावून बसला. तिथली काळी चिकण माती एवढी खोल आणि घट्ट की कागदाची गरज फारशी पडत नाही. तिथलं शेततळं पावसाच्या गोड्या पाण्यानेच भरतं आणि सप्टेंबरच्या खंडात कपाशीला, तुरीला किंवा पुढे हरभऱ्याला एखादं पाणी देऊन पीक वाचवतं. हवामानाशी जुळवून घेणं म्हणतात ते हेच. योजनेतली बाब एकच, पण एका पट्ट्यात ती गावाला तारते, दुसऱ्यात गावची विहीर आटवते.

मग ताळेबंद हाताशी असताना असं का व्हावं? कारण पैसा दुसऱ्या वाटेने वाहिला. अर्ज वैयक्तिक, मंजुरी वैयक्तिक, अनुदान थेट खात्यात. या पद्धतीने दलाली कमी झाली, हा मोठाच फायदा. पण ठिबक, मोटार, शेततळं या बाबी भराभर पुढे सरकतात. नाल्यावरची, माथ्यावरची सामूहिक कामं कुणाच्याच नावावर नसतात, त्यामुळे त्यांचा पाठपुरावाही कुणी करत नाही. नवीन विहिरीसाठी निदान अटी आहेत. भूजल अधिनियमानुसार सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून 500 मीटरचं अंतरही आहे. शेततळं मोटारीने भरणाऱ्याला मात्र पाणी कुठून आणणार हे कुणी ठामपणे विचारत नाही.

हिवरे बाजार या गावात हा प्रश्न ग्रामसभेत विचारला जातो. तिथे दरवर्षी पाऊस मोजून ताळेबंद मांडतात, पिण्याचं पाणी आधी बाजूला काढतात, उरलेल्यात रब्बीला काय पेरायचं ते ठरवतात. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. सरकारी योजना तिथेही आल्या, पण गावाने आधी आपले नियम केले.

पोकराचा दुसरा टप्पा 21 जिल्ह्यांतल्या 7201 गावांसाठी आहे, सुमारे 6000 कोटींचा. त्यात कागदाच्या शेततळ्याला अनुदान देताना दोन अटी घालायलाच हव्यात: गावाच्या ताळेबंदात शिल्लक दिसली पाहिजे, आणि तळ्याला ओढ्याचं पाणी आत येण्याची वाट असली पाहिजे. विहिरीच्या पाण्याने भरणाऱ्या तळ्यावर हवामानाच्या नावाने काढलेलं कर्ज खर्च करू नये.

पत्र लिहिणाऱ्या बागायतदारांना आणि त्या 7201 गावांतल्या प्रत्येक वाचकाला विनंती: 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जा, रब्बीच्या आधीची ती शेवटची संधी असते. आपल्या गावाचा पाण्याचा ताळेबंद सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (आधीचे कृषी सहायक) मागा आणि तो सभेत मोठ्याने वाचून दाखवायला लावा. काय उत्तर मिळालं ते जरूर कळवा. कांदळवनं पुढच्या आठवड्यात.