स्मृतीचा छापील वेग
संगणकाच्या डीडीआर४ जातीच्या स्मृतिपट्टीवर ३६०० हा आकडा, म्हणजे सेकंदास ३६०० दशलक्ष देवघेवींचा वेग छापलेला असला, तरी प्रारंभी ती अनेकदा २१३३ वरच चालते. यात फसवणूक नाही. पट्टीवरील एका लहानशा चिपमध्ये दोन्ही वेगांची नोंद असते. त्यांपैकी मान्य मानकातील सुरक्षित वेग यंत्र आपोआप निवडते. छापील वेगासाठी इंटेलने २००७ साली प्रथम आणलेली 'एक्सएमपी' ही योजना बायोसमध्ये चालू करावी लागते. तेव्हा विद्युत्‌दाबही १.२ वरून बहुधा १.३५ व्होल्टवर जातो. प्रत्येक प्रोसेसर व मदरबोर्ड हा वेग पेलतोच असे नाही. न पेलल्यास एखादा अंक नकळत पालटून साठविलेली माहिती बिघडू शकते. म्हणून वेग वाढविल्यावर स्मृतीची कसून चाचणी घ्यावी आणि चूक आढळल्यास वेग एक पायरी उतरवावा.