स्मृतिभ्रंश आणि घरातील शुश्रूषा

म्हातारपणी माणूस विसरतोच, असे म्हणून आपण पुष्कळदा एका आजाराकडे दुर्लक्ष करतो. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि चष्मा कशासाठी असतो हेच न कळणे वेगळे. या दुसऱ्या प्रकाराला डॉक्टर डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश म्हणतात. त्याचे सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे अल्झायमरचा आजार. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी तो १९०६ साली प्रथम मांडला. मेंदूचा रक्तपुरवठा बिघडल्यानेही स्मृतिभ्रंश होतो. आमच्या घरी गेली सहा वर्षे वडिलांची शुश्रूषा चालू आहे. त्या अनुभवावरून व डॉक्टरांकडून जे समजले त्यावरून चार गोष्टी समाजबांधवांपुढे मांडीत आहोत.

प्रथम तपासणी करून घ्यावी. थायरॉईडची कमतरता, बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव किंवा मनाची उदासीनता यांमुळेही अशीच लक्षणे दिसतात व ती उपचाराने सुधारू शकतात. अल्झायमर बरा करणारे औषध मात्र अजून नाही. काही औषधांनी काही रुग्णांना काही काळ आराम पडतो, इतकेच.

खरी कसोटी लागते ती मुळात तापट माणसाला हा आजार झाला म्हणजे. आमचे वडील रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झाले. जन्मभर कडक शिस्तीचे व फटकळ बोलण्याचे. सुनेने पासबुक चोरले असे ते म्हणू लागले, तेव्हा शेजारीपाजारी म्हणाले, "म्हातारा पहिल्यापासून असाच." परंतु यामागे आजाराची रीत आहे. वस्तू कुठे ठेवली हे रुग्ण विसरतो आणि आपण विसरलो हेही त्याला कळत नाही. मग वस्तू कुणीतरी नेली, एवढाच अर्थ त्याच्यापुढे उरतो. आळ येतो तो जी व्यक्ती दिवसभर जवळ असते तिच्यावर. म्हणून सर्वांत जास्त सेवा करणारीलाच सर्वांत जास्त शिव्या खाव्या लागतात. हे घरातील प्रत्येकाने समजून घेतले तर तिचे निम्मे दुःख हलके होईल.

रुग्णाशी वाद घालू नये. पहाटे चार वाजता वडील डबा मागतात, ड्युटीवर निघतात. "तुम्ही कधीच रिटायर झालात" असे सांगितले की भांडण पेटते. "आबा, आज सुट्टी आहे. बसा, चहा ठेवते," असे सूनबाई म्हणाल्या की ते बसतात. हे असत्य बोलणे नव्हे काय, असे एका उपासकांनी आम्हांस विचारले. आमचे मत असे की, भ्यालेल्या माणसाला धीर देण्यासाठी बोललेला शब्द त्याला फसवण्यासाठी नसतो. मात्र पैसा आणि सही यांच्या बाबतीत अशी सवलत कुणीही घेऊ नये.

संध्याकाळी गोंधळ वाढतो, म्हणून दिवे लवकर लावावेत. एका वेळी एकच प्रश्न विचारावा. खिशात नाव व फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी. एक-दोन दिवसांतच प्रकृती एकदम बिघडली तर लघवीतील जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, वेदना किंवा पाण्याची कमतरता असू शकते. अशा वेळी तातडीने डॉक्टरांना दाखवावे. जुने पाठांतर पुष्कळ काळ टिकते. आमच्या वडिलांना नातवाचे नाव आठवत नाही, पण त्रिशरण-पंचशील ते न अडखळता म्हणतात व तेवढा वेळ शांत राहतात.

आता बँकेच्या खिडकीवर बसून जे दिसते ते सांगतो. माणसाला समजते आहे तोवरच खात्यावर वारसाची नोंद करावी व पेन्शनचे खाते नियमाप्रमाणे पत्नीबरोबर संयुक्त करून घ्यावे. मुखत्यारपत्रावर विसंबू नये. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे, ते करून देणाऱ्याची सारासार समज गेली की मुखत्यारी संपते. हात थरथरणाऱ्या खातेदाराला साक्षीदारांसमोर अंगठा लावता येतो, पण ती सोय हात निकामी झालेल्यासाठी आहे, समज गेलेल्यासाठी नव्हे. काही न कळणाऱ्या आईचा हात धरून कागदावर अंगठा उठवणे ही फसवणूक आहे. हयातीच्या दाखल्यासाठी रुग्णाला ओढत आणू नये. सत्तरी ओलांडलेल्यांना घरपोच सेवा देण्याबाबत रिझर्व्ह बँकेने २०१७ साली सूचना दिल्या आहेत. शाखेत तशी मागणी करावी.

शेवटची गोष्ट शुश्रूषा करणाऱ्यांची. विनयपिटकातील महावग्गात, स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः स्नान घातल्याची हकीकत आहे. औषध न घेणारा, आपले दुखणे नीट न सांगणारा रुग्ण शुश्रूषेस कठीण असतो, हेही तेथेच सांगितले आहे. आपल्याकडे मात्र हे काम एकट्या सुनेवर टाकून मुलगे मोकळे होतात. भाऊ-बहिणींनी पाळ्या लावाव्यात. जे दूर आहेत त्यांनी मदतनीस ठेवण्याचा खर्च उचलावा. राग अनावर झाला तर रुग्णाजवळ दुसऱ्याला बसवून दहा मिनिटे बाहेर जावे. त्यात कर्तव्याला बाध येत नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही शासनाची मोफत दूरध्वनी सेवा आहे.

आपल्या वसाहतीत असे एखादे घर असल्यास महिला मंडळाने व तरुणांनी आठवड्यातून दोन तास तेथे बसावे, म्हणजे त्या माउलीला बाजारहाट करता येईल, झोप घेता येईल. एवढे जरी झाले तरी या लेखाचा हेतू सफल झाला असे आम्ही समजू.